डावरी मूठ

जांबोटीच्या बसनं पिशवी आली.
आत माझंच पातं, गेल्या साली दिलेलं,
ट्रकच्या कमानपट्टीतून काढलेलं,
आता बोडकं, शेपूट उघडं.
आणि पेपरात गुंडाळलेला कणकेचा गोळा,
वाळून खडीसारखा टणक.
चिठ्ठी लगमव्वाच्या भाच्यानं लिहिलेली:
मूठ फुटली. मावशी डावरी आहे
हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.
गोळा तिनं दाबलाय. अशीच द्या. फणस सुरू झालेत.

वर्षभर ती बाई
माझ्या उजव्या हातानं फणस कापत होती.

गोळा दिव्याखाली धरला.
चार बोटांच्या चार घळी,
तर्जनीची खोल, करंगळीची नुसती शिवून गेलेली,
अंगठा भलतीकडं, तिथं नखाची कोर.
तळव्याच्या जागी एक आडवी रेघ,
ती नशिबाची की जुन्या कापल्याची
कणकेला काय माहीत.

आप्पा असते तर राळ तापवली असती,
विटेची पूड, चिमूटभर मेण,
शेपूट लालबुंद करून लाकडात घुसवलं असतं.
धूर, एक शिवी, बादलीत चर्र.
त्यांची मूठ पंधरा वर्षं हलत नसे.
मी खडेबाजारातून दोन बाटल्या आणल्या.
रेझिन शंभर ग्रॅम, हार्डनर तीस,
काटा शेजारच्या सोनाराचा, उसना.
दुकानदार बजावत होता: निधान कलस्री, निधान.
त्याच्या कानडीत निधान म्हणजे हळू,
आमच्यात पुरून ठेवलेला ठेवा.
आइस्क्रीमच्या काडीनं दोन्ही अर्थांनी ढवळत राहिलो,
तरी बुडबुडे आलेच.
पोरीचा हेअर ड्रायर मागून एकेक फोडला.

शेपटाला कानशीनं ओरखडे दिले,
गुळगुळीत लोखंड कुणाला धरून ठेवत नाही.
थिनरनं पुसलं, मग बोट लावलं नाही.
दोन पितळी पिना.
गोळ्यावरून घेतलेला प्लास्टरचा साचा.
फुटक्या मुठीचा सागवानी भुसा घालून
ओतलं, काकवीच्या धारेनं.

चोवीस तास थांबायचं.
उद्यमबागेत दुसऱ्या पाळीला
लेथपुढं उभा होतो, तर डावाच हात पुढं जायचा.

रविवारी साचा फोडला.
दीडशेचा पेपर, चारशेचा, हजाराचा,
दोन हजाराचा पाण्यात,
शेवटी जुन्या धोतराचं फडकं.
उजेड आत शिरायला लागला,
भुशाचे कण जागच्या जागी थिजलेले.
डाव्या हातात धरून पाहिली.
माझी बोटं त्या घळींत बसेनात,
तिचा हात माझ्याहून रुंद.
म्हणजे बरोबर झाली होती.

पिशवीतून पाठवायला मन झालं नाही. स्वतः गेलो.
नाक्यावर, पोत्यावर बसलेली,
पुढ्यात फणस, शेजारी वाटीत खोबरेल.
तिनं तेलाचा हात तसाच पुढं केला,
मूठ धरली, दाबली, उन्हात फिरवली.
ब्येस केलाईसा की, म्हणाली.
मग लुगड्याच्या जुन्या काठाची पट्टी फाडली
आणि वरून खालपर्यंत सात वेढे घातले,
गाठ दातानं ओढली.
तेलाच्या हातात काच ऱ्हातीय काय, बाबा?

दोन हजाराचा पेपर लावलेली मूठ
एका मिनिटात झाकली गेली.
मी काही बोललो नाही.
तिनं फणस आडवा घातला,
डाव्या हाताचं सगळं वजन टाकलं,
पातं देठापर्यंत न अडकता गेलं.
चीक पांढरा, संथ,
पात्यावरून उतरला, पट्टीत मुरला.
दुपारपर्यंत कापड मुठीला असं धरलं
की आता चाकूनंच काढावं लागेल.
आप्पांच्या राळेला एवढाच वेळ लागायचा.

पैशांवर तिनं अर्धा फणस दिला.
बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसलो,
तेल लावायचं विसरून.
सोमवारी लेथचं हँडल
माझा हात सोडायला तयार नव्हतं.